‘मला आवडतं’ ते ‘मे गुस्ता’: स्पॅनिशमध्ये आवडीनिवडींच्या गप्पा कशा मारायच्या

स्पॅनिशमधला माझा पहिला निरोप तीन शब्दांचा होता: ‘यो गुस्तो मूसिका’. समोरची बाई मेक्सिकोची. तिला मराठी शिकायचं नव्हतं, इंग्रजी सुधारायचं होतं, मला स्पॅनिश हवं होतं, म्हणून आमची जोडी जमली होती. तिने हसरा चेहरा पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मे गुस्ता ला मूसिका’. मी पुस्तकात शोधायला लागले. पुस्तक इंग्रजी माध्यमाचं. ‘हे क्रियापद उलटं चालतं, याची सवय व्हायला वेळ लागतो’ असं त्यात तीन पानं समजावलं होतं. तिसऱ्या पानावर माझ्या डोक्यात उजेड पडला. उलटं कुठलं? ‘मला संगीत आवडतं’ हेच तर ते! मी जे लिहिलं होतं ते ‘मी संगीत आवडते’ या चालीचं होतं, जे मराठीत कुणी लहान मूलही म्हणणार नाही.

या लेखाचा सगळा डाव एवढ्यावर उभा आहे. स्पॅनिशमध्ये आवडीनिवडी सांगताना इंग्रजीवरून वळसा घालू नका, मराठीतून सरळ जा. बऱ्याच ठिकाणी रस्ता तयार आहे. काही ठिकाणी मात्र मराठीच खड्ड्यात घालते, तेही पुढे सांगते.

लेखात स्पॅनिश देवनागरीत लिहिलं आहे, कानाने शिकता यावं म्हणून. त, द आपल्यासारखेच दंत्य म्हणा, इंग्रजीतले ट, ड नकोत. दोन वेगळी अक्षरं आहेत ज्यांना आपण ‘ब’ आणि ‘व’ समजतो, पण स्पॅनिश माणूस दोन्ही ‘ब’सारखीच म्हणतो, म्हणून इथे सगळीकडे ‘ब’. ज्याला मी ‘ह’ लिहिलंय तो स्पेनच्या बऱ्याच भागात घशातून खरवडून येतो, कॅरिबियन बेटांवर मवाळ होतो. ‘स’ काही ठिकाणी लॅटिन अमेरिकेचा आहे. माद्रिदचा माणूस त्यातले काही ‘थ’सारखे म्हणेल. गप्पा टाइप करताना याने फरक पडत नाही. आवाज पाठवताना पडतो, पण समोरचा समजून घेतो.

पायरी पहिली: ‘मला, तुला, त्याला’ पाठ करा

क्रियापदांच्या तक्त्यांआधी हे सहा इवलेसे शब्द:

मला – मे
तुला – ते
त्याला, तिला – ले
आम्हाला, आपल्याला – नोस
तुम्हा मित्रांना (फक्त स्पेनमध्ये) – ओस
त्यांना – लेस

आदराने ‘तुम्हाला’ म्हणायचं असेल तर तिथेही ‘ले’च, आणि लॅटिन अमेरिकेत ‘तुम्हा सगळ्यांना’ म्हणजे ‘लेस’. ‘ले’ला स्त्री-पुरुष भेद नाही.

आता गंमत. स्पॅनिशमध्ये ‘तू’ म्हणजे तूच. उच्चारसुद्धा तोच, कारण मुळात एकाच घराण्यातले शब्द. पण ‘मी’ ऐकलात की सावध व्हा. स्पॅनिश ‘मी’ म्हणजे ‘माझा’ (मी एर्माना = माझी बहीण), किंवा ‘आ मी’ या जोडीत ‘मला’. आपला ‘मी’ तिथे ‘यो’ आहे. आणि ‘आ ती’ म्हणजे ‘तुला’. त्यात कुठलीच ‘ती’ नाही. पहिले पंधरा दिवस हा गोंधळ होतोच, नंतर मजा यायला लागते.

पायरी दुसरी: एक वस्तू की अनेक?

मे गुस्ता एल सिने – मला सिनेमा आवडतो.
मे गुस्तान लास नोबेलास – मला कादंबऱ्या आवडतात.

क्रियापद कुणाप्रमाणे बदललं? आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे. ‘आवडतो’चं ‘आवडतात’ झालं, तसं ‘गुस्ता’चं ‘गुस्तान’ झालं. आवडून घेणारा कोण, एक की दहा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही: ‘नोस गुस्ता एल सिने’ (आम्हाला सिनेमा आवडतो). इंग्रजीवरून येणारे विद्यार्थी इथे महिनोन् महिने अडखळतात. तुम्ही अडखळू नका, मनात मराठी वाक्य म्हणा आणि शेवटचा ‘तो/ते’ आहे की ‘तात’ ते ऐका.

क्रिया आवडत असेल तर कायम एकवचन. ‘मे गुस्ता लेएर इ एस्क्रिबीर’ – मला वाचायला नि लिहायला आवडतं. दोन क्रिया असल्या तरी आपणही ‘आवडतात’ म्हणत नाही.

मराठी इथे एकाच बाबतीत दगा देते. आपल्याकडे नामाआधी उपपद लागत नाही, तिथे लागतं. ‘मे गुस्ता काफे’ चूक. ‘मे गुस्ता एल काफे’. ‘मे गुस्तान पेर्रोस’ चूक; ‘मे गुस्तान लोस पेर्रोस’ (मला कुत्री आवडतात). एल, ला, लोस, लास यांतला एक जण ‘गुस्ता’च्या मागोमाग आलाच पाहिजे. मराठी माणसाची सर्वांत हट्टी चूक हीच. माझी तर अजूनही घाईत होते.

लिंगं मात्र पाठ करावी लागतील. पुस्तक आपल्याकडे नपुंसक, तिथे ‘एल लीब्रो’ पुल्लिंगी. सिनेमागृहात पाहतो तो एकेक चित्रपट ‘ला पेलीकुला’, स्त्रीलिंगी. तर्क लावत बसू नका, शब्द उपपदासकट पाठ करा.

‘नाही’ हे सर्वनामाच्याही आधी येतं: ‘नो मे गुस्ता’. अजिबात नाही म्हणायचं असेल तर शेवटी ‘नादा’: ‘नो मे गुस्ता नादा’. दोन नकारांनी होकार होईल अशी भीती नको; तिथे दोन नकार मिळून नकारच पक्का होतो.

खूप आवडत असेल तर ‘मे गुस्ता मूचो’. त्याच्याही वर ‘मे एन्कान्ता’. हा शब्द स्वतःच शिखरावर बसलाय, त्याला पुन्हा ‘मूचो’ जोडू नका.

आणि एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. ‘मला ते आवडतं’ मधल्या ‘ते’साठी शब्द शोधू नका. कुणी गाणं पाठवलं, तुम्हाला आवडलं, तर नुसतं ‘मे गुस्ता’. संपलं. ‘लो मे गुस्ता’ असं काही नसतं.

माणसांबद्दल बोलताना जपून. ‘मे गुस्तास’ म्हणजे ‘मला तू आवडतेस’, आणि मराठीत त्या वाक्याने जी खळबळ माजते तीच तिथेही माजते. नुसती मैत्रीतली पसंती सांगायची तर ‘मे काएस ब्येन’. शब्दशः ‘तू मला बरा पडतोस’, म्हणजे तुझ्याशी माझं जमतं.

पायरी तिसरी: ‘आमच्या बाबांना ना, त्यांना…’

समजा बहिणीबद्दल सांगायचंय. ‘आ मी एर्माना ले गुस्ता बाइलार’ – माझ्या बहिणीला नाचायला आवडतं. ‘आ मी एर्माना’ म्हणजे ‘माझ्या बहिणीला’. मग पुन्हा ‘ले’ कशाला? व्याकरणाची पुस्तकं याला दुहेरी कर्म वगैरे म्हणतात. मी म्हणते, घरात कान द्या: ‘आमच्या बाबांना ना, त्यांना गोड आवडत नाही’. आपल्या बोलण्यात ही दुहेरी लकब आहेच; स्पॅनिशने तिला नियम करून टाकलंय. बाबांचं वाक्य तिथे असं होईल: ‘आ मी पापा नो ले गुस्तान लोस दुल्सेस’.

जोर द्यायचा असेल तर स्वतःबाबतही असंच: ‘आ मी मे गुस्ता’ – मला तर आवडतं (बाकीच्यांचं माहीत नाही).

गोव्यातल्या किंवा घरी पोर्तुगीज ऐकलेल्या वाचकांसाठी वेगळा इशारा. पोर्तुगीजमध्ये त्याच घराण्यातलं क्रियापद आहे, पण ते ‘मी’ला धरून चालतं: ‘एउ गॉश्तु द…’. तो साचा स्पॅनिशमध्ये आणलात तर माझ्या पहिल्या निरोपासारखी गत होईल. दोन्हींचं मूळ लॅटिनमधल्या ‘चव घेणे’ या अर्थाच्या धातूत आहे, आणि आपला संस्कृत ‘जुष्’ (आवडीने सेवन करणे, ‘अनार्यजुष्ट’मधला) त्याचाच दूरचा भाऊबंद. म्हणजे ‘मे गुस्ता’ मुळात जिभेवरचा शब्द आहे.

पायरी चौथी: कुठला ‘मला’ चालतो, कुठला फसवतो

‘मे गुस्ता’ हाती आलं की त्याच साच्यातली डझनभर क्रियापदं फुकट मिळतात:

मे इन्तेरेसा ला इस्तोरिया – मला इतिहासात रस आहे.
मे आबूर्रे – मला कंटाळा येतो.
मे पारेसे के सी – मला वाटतं, हो.
मे दा म्येदो – मला भीती वाटते.
मे दा बेर्ग्वेन्सा – मला लाज वाटते.
मे दा इग्वाल – मला काही फरक पडत नाही.
मे क्वेस्ता आब्लार – मला बोलायला जड जातं.

शेवटचं वाक्य नवख्यांनी आधी शिकावं, लगेच सहानुभूती मिळते. शिवाय देशोदेशीचे लाडके प्रकार आहेत. स्पेनमध्ये ‘मे मोला’ (भारी वाटतं), मेक्सिकोत ‘मे लाते’ (पटतंय, चालेल), अर्जेंटिनात ‘मे कोपा’. समोरचा कुठला आहे ते पाहून एखादा वापरा. माद्रिदच्या माणसाला ‘मे कोपा’ म्हणणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन वऱ्हाडी बोलल्यासारखं. कळतं, पण लोक हसून बघतात.

आता खड्डे. मराठीला ‘मला’ फार प्रिय. आपण भूक, भाऊ, पोहणं, सगळं ‘मला’च्या पदरात टाकतो. स्पॅनिश तसं करत नाही.

मला पोहता येतं – से नादार. इथे ‘मे’ नाही, क्रियापद ‘मी’चं.
मला माहीत नाही – नो से.
मला दोन भाऊ आहेत – तेंगो दोस एर्मानोस.
मला भूक लागली – तेंगो आम्ब्रे, शब्दशः ‘माझ्याजवळ भूक आहे’.
मला चहा हवाय – क्येरो ते.
मला जायला पाहिजे – तेंगो के इर.
मला कळलं – एन्तेन्दी.

माझा ढोबळ हिशेब असा. एखादी गोष्ट आपल्या मनावर काही करते, म्हणजे आवडते, कंटाळा आणते, घाबरवते, तेव्हा ‘मे’. पण येणं, असणं, हवं असणं हे तिथे माणसाचं स्वतःचं काम, म्हणून ‘यो’चं क्रियापद. ‘मला आठवतं’ हा तेवढा लबाड निघतो: ‘मे आक्वेर्दो’. ‘मे’ दिसतोय खरा, पण क्रियापद ‘ओ’ने संपतंय, म्हणजे तेही ‘मी’चंच आहे. इथला ‘मे’ ‘स्वतःला’ या अर्थाचा. आता खोलात जाऊ नका, जसंच्या तसं पाठ करा.

उलट्या दिशेनेही एक उदाहरण आहे. आपण ‘माझं डोकं दुखतंय’ म्हणतो. ते ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणतात, ‘मला डोकं दुखतं’.

पायरी पाचवी: मीही की मलाही?

गप्पांमध्ये सर्वांत जास्त वेळा लागणारी गोष्ट म्हणजे ‘सेम हिअर’. इंग्रजीतून विचार करणारा इथे हमखास घसरतो, कारण तिथे दोन्हीला एकच शब्द आहे. आपल्याकडे दोन आहेत.

‘मे गुस्ता एल सिने.’ उत्तर: ‘आ मी ताम्ब्येन’ – मलाही.
‘ह्वेगो आल आहेद्रेस’ (बुद्धिबळ खेळतो). उत्तर: ‘यो ताम्ब्येन’ – मीही.

नकारात ‘ताम्ब्येन’च्या जागी ‘ताम्पोको’. ‘नो मे गुस्ता एल फुत्बोल.’ – ‘आ मी ताम्पोको’, मलाही नाही. मतभेद असेल तर ‘आ मी सी’ (मला आवडतो बुवा) किंवा ‘आ मी नो’ (मला नाही). मनातल्या मराठी उत्तरात ‘मी’ आहे की ‘मला’, एवढं बघा. एकदा हे जमलं की तुम्ही बऱ्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या पुढे गेलात.

पायरी सहावी: करता काय?

आवडतं ते सांगून झालं, आता करता ते सांगा. इथे साधी क्रियापदं येतात, शेवटी ‘ओ’ लावला की ‘मी’ झाला: लेओ (वाचतो), बेओ (पाहतो), एस्कूचो (ऐकतो), कोसीनो (स्वयंपाक करतो). ‘यो’ लिहायची गरज नाही. आपणही ‘वाचतो अधूनमधून’ म्हणतो, ‘मी’ गिळून टाकतो.

फरक इतकाच की ‘वाचतो’ आणि ‘वाचते’ यांतून आपलं लिंग कळतं, ‘लेओ’तून कळत नाही. ते विशेषणातून फुटतं: ‘सोय आफिसियोनादा आ ला फोतोग्राफीया’ म्हणजे छायाचित्रणाचा नाद असलेली बाई, पुरुष असेल तर ‘आफिसियोनादो’. भेटून आनंद झाला म्हणताना बाई ‘एन्कान्तादा’, पुरुष ‘एन्कान्तादो’.

खेळ आणि वाद्य यांची क्रियापदं वेगळी, आपल्यासारखीच. खेळणे म्हणजे ‘हुगार’, वाजवणे म्हणजे ‘तोकार’. ‘ह्वेगो आल क्रीकेत’, ‘तोको ला गितार्रा’. (‘आल’ स्पेनमध्ये हटकून लागतो, लॅटिन अमेरिकेत बरेच जण तो गाळून ‘ह्वेगो फुत्बोल’ म्हणतात.) तबलजींना सूचना: स्पॅनिशमध्ये ‘ताब्ला’ म्हणजे फळी. ‘तोको ला ताब्ला’ एवढंच लिहिलंत तर समोरच्याला वाटेल हा फळी बडवतोय. पुढे ‘उन इन्स्त्रुमेन्तो दे पेर्कुस्योन दे ला इन्द्या’ जोडा.

किती वर्षांपासून? ‘तोको ला ताब्ला देस्दे आसे सिन्को आन्योस’ – पाच वर्षांपासून तबला वाजवतोय. वर्तमानकाळच, मराठीसारखा. इंग्रजीतली ‘हॅव बीन’ची कसरत विसरा. पण ‘आन्योस’ टाइप करताना ‘न’च्या डोक्यावरची नागमोडी रेघ विसरू नका. रेघ गेली की ‘वर्षं’ जाऊन तिथे गुदद्वारं येतात. ‘माझं वय तीस’ सांगताना ती पाठवणारे शेकड्याने असतील. लोकांना सवय झाली आहे, पण आपण त्यांत नसावं. मोबाइलच्या कळफलकावर न दाबून धरला की रेघेचा न वर येतो.

ट्रेकिंग करणाऱ्यांचं काम सोपं आहे. ‘आगो सेन्देरिस्मो’ म्हणा किंवा सरळ ‘त्रेकिंग’ म्हणा. हा शब्द तिथेही, विशेषतः दक्षिण अमेरिकेत, रुळला आहे. सह्याद्रीतले किल्ले सांगायला ‘फ्वेर्तेस’ किंवा ‘फोर्तालेसास’ बरा. ‘कास्तीयोस’ म्हणालात तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मनोऱ्यांचा युरोपी राजवाडा उभा राहील.

खाण्याच्या गप्पांत तर आपलं घरच निघतं. मिरची, टोमॅटो, बटाटा हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे पोचलेले. नावं मात्र वाटेत फिरली. आपला ‘बटाटा’ पोर्तुगीजमधून आला. स्पेनमध्ये त्याला ‘पाताता’ म्हणतात, लॅटिन अमेरिकेत ‘पापा’. आणि अर्जेंटिनात ‘बाताता’ मागितलात तर रताळं मिळेल. वडापाव समजावताना हा घोळ लक्षात ठेवा. ‘पाव’ला ‘पान’ म्हणा, आणि तिखटाला ‘पिकान्ते’.

एक प्रश्न ओळखून ठेवा: ‘आ के ते देदीकास?’ शब्दशः ‘कशाला वाहून घेतलंयस?’ मी भाबडेपणाने ‘चित्रकलेला’ असं उत्तर दिलं होतं. विचारणारा फक्त नोकरी काय करतेस असं विचारत होता. छंद विचारायचे असले की ‘के आसेस एन तू त्येम्पो लीब्रे?’ – रिकाम्या वेळात काय करतेस?

आणखी दोन सापळे आहेत. दोन्हीकडे इंग्रजीच ढकलते. ‘एक्सायटेड’साठी ‘एक्सितादो’ लिहू नका. तो शब्द शारीरिक उत्तेजनाकडे जातो. ‘एस्तोय एमोस्योनादा’ म्हणा, स्पेनमध्ये ‘मे आसे इलुस्योन’. आणि ‘सोय आबुर्रीदो’ म्हणजे ‘मी रटाळ माणूस आहे’. कंटाळा आलाय तर ‘एस्तोय आबुर्रीदो’.

पायरी सातवी: आवडला, आवडायचा, आवडेल

भूतकाळाची पुस्तकात वीस पानं असतात. आवडीनिवडीपुरतं एवढं पुरे:

मे गुस्तो ला पेलीकुला – मला सिनेमा आवडला. एकदा पाहिला, झालं.
दे नीन्या मे गुस्ताबा दिबुहार – लहानपणी मला चित्रं काढायला आवडायचं. (मुलगा असेल तर दे नीन्यो.)
मे गुस्तारीया बेर मेहिको – मला मेक्सिको बघायला आवडेल.

‘आवडला’ आणि ‘आवडायचा’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. तोच ‘गुस्तो’ आणि ‘गुस्ताबा’मध्ये आहे. स्पेनमधली मंडळी आज-आत्ताच्या गोष्टीला ‘मे आ गुस्तादो’ म्हणतात, आपल्या ‘आवडलाय’सारखं. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ‘गुस्तो’वरच भागतं.

या ‘गुस्तो’तला शेवटचा ‘तो’ जोरात म्हणायचा, आणि लिहिताना त्या स्वरावर तिरकी रेघ द्यायची. ती न दिल्यास जोर ‘गुस’वर जातो आणि शब्द होतो ‘चव, आनंद’. ‘मूचो गुस्तो’ म्हणजे ‘भेटून आनंद झाला’ यातला तो.

पायरी आठवी: तू, उस्तेद, बोस

मराठी माणूस अनोळखी व्यक्तीला ‘तुम्ही’ म्हणतो. तीच सवय ‘उस्तेद’ म्हणायला लावते. इंटरनेटवर स्पेनच्या लोकांशी तसं बोललात तर तुम्ही बँकेतून फोन केल्यासारखं वाटेल. तिथे ‘तू’च चालतो, पन्नाशीच्या माणसालाही. कोलंबियात आणि कोस्ता रिकात मात्र सख्खे मित्रसुद्धा एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणताना सापडतील. अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागात ‘तू’च्या जागी ‘बोस’, आणि त्याबरोबर क्रियापदही थोडं वेगळं: ‘दे दोन्दे एरेस?’च्या जागी ‘दे दोन्दे सोस?’. घाबरायचं कारण नाही, कारण आपलं मुख्य वाक्य बदलत नाही. ‘के ते गुस्ता?’ सगळीकडे तेच. तुम्ही ‘तू’ म्हणत राहिलात तरी कुणी रागावत नाही. समोरचा जे वापरतो ते हळूहळू उचला.

एक उणीव मला अजून खटकते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद स्पॅनिशमध्ये नाही, दोन्ही ‘नोसोत्रोस’. ‘नोस गुस्ता एल क्रीकेत’ म्हटलं की मेक्सिकोच्या बाईलाही आपण त्यात ओढलं की काय असं वाटतं. म्हणून मी जागा सांगून टाकते: ‘आकी एन ला इन्द्या नोस गुस्ता एल क्रीकेत’.

पायरी नववी: सुचव ना काहीतरी

गप्पा पुढे न्यायच्या तर सल्ला मागा. ‘के पेलीकुला मे रेकोम्येन्दास?’ – कुठला सिनेमा सुचवशील मला? मग उत्तर देताना वस्तूच्या जागी ‘लो’ किंवा ‘ला’ येतो. पेलीकुला स्त्रीलिंगी, म्हणून ‘या ला बी’ (तो आधीच पाहिलाय) किंवा ‘नो ला कोनोस्को’ (माहीत नाही मला तो). लीब्रो पुल्लिंगी: ‘लो क्येरो लेएर’. मराठीत सिनेमा ‘तो’ असला तरी तिथे ‘ला’च, ही गोष्ट हाताला वळायला वेळ लागतो.

दोन सर्वनामं शेजारी आली तर माणूस आधी, वस्तू नंतर: ‘ते लो रेकोम्येन्दो’ – तुला ते सुचवते. आपलाही क्रम तोच. ‘ले’ आणि ‘लो’ मात्र शेजारी बसत नाहीत. ‘ले’चा ‘से’ होतो.

टाइप करताना प्रश्नाच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह असतं. स्पेनच्या शाही भाषा अकादमीने १७५४ मध्ये हा नियम केला, आणि गप्पांमध्ये स्पॅनिश लोकच तो सर्रास मोडतात. तुम्हीही मोडा, अर्ज लिहिताना पाळा. गुणाकाराच्या चिन्हाला ते ‘पोर’ म्हणतात, म्हणून ‘पोर फाबोर’ लिहिताना ‘पोर’च्या जागी नुसती फुली मारलेली दिसेल. हसण्यासाठीचं अक्षर इंग्रजीतल्या ‘ज’सारखं दिसतं, पण वाचायचं ‘हाहा’. ‘जाजा’ म्हणून हाकलतायत असं समजू नका.

पहिला निरोप

हा तयार मसुदा घ्या, गाव आणि छंद बदला:

‘ओला! सोय दे नाशिक, एन एल ओएस्ते दे ला इन्द्या. एन मी त्येम्पो लीब्रे लेओ मूचो. मे गुस्ता कामिनार पोर ला मोन्तान्या इ मे एन्कान्तान लोस फ्वेर्तेस आन्तीग्वोस. दे नीन्या मे गुस्ताबा दिबुहार. नो मे गुस्ता एल फुत्बोल, पेर्दोन. मे गुस्तारीया बेर सिने आर्हेन्तीनो. के पेलीकुला मे रेकोम्येन्दास? इ आ ती, के ते गुस्ता आसेर?’

म्हणजे: मी नाशिकची, भारताच्या पश्चिमेकडची. रिकाम्या वेळात खूप वाचते. डोंगरांत भटकायला आवडतं, जुने किल्ले तर जीव की प्राण. लहानपणी चित्रं काढायला आवडायचं. फुटबॉल आवडत नाही, माफ करा. अर्जेंटिनाचे सिनेमे बघायला आवडतील. कुठला सुचवशील? आणि तुला काय करायला आवडतं?

शेवटचा प्रश्न गाळू नका. ‘इ आ ती?’ (आणि तुला?) शिवाय पाठवलेला निरोप म्हणजे दार लावून घेतल्यासारखं.

समजा ब्वेनोस आइरेसहून उत्तर आलं: ‘आ मी ताम्पोको मे गुस्ता एल फुत्बोल, पेरो नो से लो दीगास आ नादिए.’ आता शब्दकोश उघडण्याआधी स्वतः सोडवून बघा. ‘आ मी ताम्पोको’ पाचव्या पायरीवरचं, मलाही नाही. ‘से लो’ नवव्या पायरीवरचं: मुळात ‘ले लो’, म्हणजे ‘कुणाला ते’. ‘आ नादिए’ म्हणजे ‘कुणालाही’, आणि ‘से’ने त्याचीच पुनरुक्ती केली आहे, बाबांना ना, त्यांना, तशी. ‘मलाही फुटबॉल आवडत नाही, पण कुणाला सांगू नकोस हं.’ अर्जेंटिनात राहून हे कबूल करणारा माणूस तुमच्यावर विश्वास टाकतोय. त्याला ‘त्रान्कीलो, हाहा’ एवढं लिहा, म्हणजे निश्चिंत राहा, आणि त्याने सुचवलेला सिनेमा शोधायला लागा.